गाऱ्हाणे आणि वर्गणी : ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेविषयीचे लोकमत

आमच्या गोमंतकात आणि कोकणपट्टीत 'गाऱ्हाणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सर्वत्र रूढ आहे, तो तक्रार हा. दुसरा देवळाच्या चौकात ऐकू येतो. जत्रेच्या वा पालखीच्या दिवशी गावाच्या वतीने कोणी वडीलधारा देवापुढे उभा राहतो, गावावर आलेली संकटे एकेक सांगतो, मागणे मागतो, आणि जमलेले लोक वाक्यावाक्याला 'होय महाराजा' म्हणून साथ देतात; हेही गाऱ्हाणेच. हे दोन अर्थ एका शब्दात उगाच एकत्र आलेले नाहीत, असे आम्हांस वाटते. ज्याच्यावरील श्रद्धा उडाली त्याच्यापुढे कोणी गाऱ्हाणे घालीत नाही. मनुष्य मुकाट्याने दुसरे दार शोधतो. गाऱ्हाणे घालणारा रागावलेला असला तरी त्याने देवळाची पायरी सोडलेली नसते.

हा विचार मनात येण्यास निमित्त मात्र दूर देशीचे आहे. ब्रिटनमध्ये १९८३ सालापासून समाजमताची एक मोठी पाहणी होत आली आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेविषयी, म्हणजे लोक जिला 'एन. एच. एस.' या तीन अक्षरांनी ओळखतात त्या सेवेविषयी, आपण समाधानी आहात काय, असा सरळ प्रश्न या पाहणीत विचारला जातो. २०२४ सालच्या पाहणीत शंभरांपैकी केवळ २१ जणांनी समाधान दर्शविले व ५९ जणांनी असमाधान. पाहणी सुरू झाल्यापासून तोवर इतका खालचा आकडा कधी आला नव्हता. परंतु त्याच पाहणीत, ही सेवा उपचाराच्या वेळी विनामूल्य असावी काय, या प्रश्नाला सुमारे ९० जणांनी होकार दिला. ती मुख्यतः करांतूनच चालावी, असे ८० जण म्हणाले. सेवेवर इतका रोष आणि सेवेच्या तत्त्वावर इतकी निष्ठा, ही दोन्ही एकाच समाजाच्या मनात एकाच वेळी कशी नांदतात? या प्रश्नाचे उत्तर आजच्या बातम्यांत सापडणार नाही. त्यासाठी त्या सेवेच्या जन्मापर्यंत, किंबहुना त्याच्याही मागे जावे लागते.

धर्मदायाचे दिवस

ब्रिटनमध्येही आजाऱ्यांची शुश्रूषा प्रथम धर्मसंस्थांच्याच आश्रयाने होत असे. लंडनचे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय ११२३ साली राहेर नावाच्या धर्मपुरुषाने मठाला जोडून स्थापिले. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाने मठ मोडले, तेव्हा अशा रुग्णालयांचा आधार तुटला. काही नव्या सनदा मिळून तगली, अनेक नामशेष झाली. अठराव्या शतकात दानशूर धनिकांनी नवी रुग्णालये उभारली. टॉमस गाय या पुस्तकविक्रेत्याच्या संपत्तीतून उभे राहिलेले लंडनचे गाय रुग्णालय हे त्यांपैकी एक. ही रुग्णालये देणग्यांवर आणि वार्षिक वर्गण्यांवर चालत. अनेक ठिकाणी वर्गणीदाराचे शिफारसपत्र हाती असल्याखेरीज गरीब रोग्यास आत प्रवेश मिळत नसे. शिफारस मिळविण्यासाठी कोणापुढे तरी हात जोडावे लागत, आणि बरे झाल्यावर उपकार मानून बाहेर पडावे लागे.

ज्यांना तेवढाही आश्रय नव्हता, त्यांच्यासाठी १८३४ च्या कायद्याने उभी राहिलेली दरिद्रालये होती. त्यांतील रुग्णविभागात जाणे म्हणजे आपण कंगाल झालो असे चारचौघांत कबूल करणे. म्हणून लोक मरण पत्करीत, पण तेथे जाण्यास धजत नसत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या रुग्णालयांत एक नवा अधिकारी दिसू लागला. रोग्याची ऐपत किती, त्याने किती द्यावे, याची चौकशी करणे हे त्याचे काम. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अशी पहिली नेमणूक १८९५ साली झाली होती. दुखणे सांगण्याच्या आधी दारिद्र्य सांगावे लागे. ही आठवण ब्रिटिश घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि पुढील सर्व लोकमताच्या मुळाशी तीच आहे.

१९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यावेत, मालकाने तीन, सरकारने दोन, आणि कामगारास ठरलेल्या डॉक्टराकडून उपचार मिळावा, अशी ती योजना. योजना चांगली होती. पण ती कमावत्या मजुरापुरती होती. त्याची बायको आणि मुले तिच्याबाहेर राहिली, आणि क्षयरोग्यांसाठीची विशेष सोय वगळता रुग्णालयाचा खर्चही. घरातील पैसा पुरुषाच्या औषधासाठी आणि मुलांच्या दुधासाठी. आईचे दुखणे सर्वांत शेवटी. हे चित्र आमच्या वाचकांस परके वाटणार नाही.

खाणकामगारांचा गाव

याच काळात दक्षिण वेल्समधील ट्रेडिगार या खाणींच्या गावात एक निराळा प्रयोग चालू होता. कोळशाच्या खाणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात राबणाऱ्या लोकांनी १८९० साली एक वैद्यकीय साहाय्य मंडळ स्थापिले. प्रत्येकाच्या मजुरीतून पौंडामागे काही पेन्स कापून घेत. त्या पैशातून मंडळ डॉक्टर नेमी, दाई नेमी, औषधे देई, रुग्णालयाचा खर्च उचली. आणि हा लाभ वर्गणीदाराच्या सगळ्या कुटुंबाला मिळे. कालांतराने जवळजवळ सारा गाव या मंडळात आला. ए. जे. क्रोनिन हे कादंबरीकार तरुणपणी या मंडळाचे डॉक्टर होते. त्यांच्या 'द सिटाडेल' या १९३७ सालच्या प्रसिद्ध कादंबरीला त्या अनुभवाचा आधार आहे.

या गावात १८९७ साली अन्युरिन बेव्हन यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी ते खाणीत उतरले. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन त्यांचे वडील १९२५ साली वारले. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला मोठे बहुमत मिळाले आणि बेव्हन आरोग्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्यापुढे ट्रेडिगारचा नमुना होता. ज्यात सर्व जण नियमाने देतात आणि ज्याला गरज पडेल तो घेतो, असे ते मंडळ त्यांना साऱ्या देशाचे करावयाचे होते.

लोकांची मने तयार झालीच होती. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, डिसेंबर १९४२ मध्ये, सर विल्यम बेव्हरिज यांचा समाजविम्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी हे मार्गातील पाच राक्षस होत, असे त्यांनी म्हटले. सरकारी अहवाल म्हटला म्हणजे कपाटात धूळ खाण्यासाठी असतो, असा आपला अनुभव. हा अहवाल मात्र विकत घेण्यासाठी रांगा लागल्या, आणि संक्षिप्त आवृत्ती धरून त्याच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. शिवाय युद्धकाळात बाँबहल्ल्यांतील जखमींसाठी सरकारने रुग्णालये एका सूत्रात आणली होती. संकटकाळी जे जमले ते शांततेत का जमू नये, हा प्रश्न सामान्य माणसाच्या तोंडी होता.

१९४८ : वचन आणि गर्दी

कायदा नोव्हेंबर १९४६ मध्ये संमत झाला. सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू व्हावयाची होती. मधल्या काळात डॉक्टरांनी कडवा विरोध केला. आपण सरकारचे पगारी नोकर होऊ, अशी त्यांना धास्ती. १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात दहांपैकी सुमारे नऊ मते विरुद्ध पडली. बेव्हन यांनी तडजोड केली. मोठ्या तज्ज्ञांना सेवेत राहूनही खासगी रोगी पाहण्याची मुभा दिली. गल्लोगल्लीच्या डॉक्टरांना पगारी नोकर न करता करारावर ठेवले. तज्ज्ञांची तोंडे आपण सोन्याने बंद केली, असे त्यांनी पुढे बोलून दाखविल्याचे सांगतात. इंग्लंड आणि वेल्समधील २,६८८ रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची झाली. वर्गणीदारांची, नगरपालिकांची आणि दरिद्रालयांची रुग्णालये एका पंगतीला बसली.

सेवा सुरू होण्यापूर्वी घरोघरी एक पत्रक वाटण्यात आले. श्रीमंत असो वा गरीब, पुरुष असो, स्त्री असो वा मूल, सर्वांस ही सेवा मिळेल, असे त्यात सांगितले होते. त्याबरोबरच असेही बजावले होते की, हा धर्मदाय नव्हे. तुम्ही सर्व जण, मुख्यतः कर देणारे म्हणून, याचे मूल्य देत आहात. पहिल्या वाक्याने लोकांची हृदये जिंकली. दुसऱ्या वाक्याचा अर्थ पुरता उमगण्यास राज्यकर्त्यांना आणि लोकांनाही फार काळ लागला. कदाचित तो अद्यापही पुरता उमगलेला नाही.

पहिल्या दिवसांत दवाखान्यांतून लोटलेली गर्दी पाहून डॉक्टर थक्क झाले. विशेषतः बायका आल्या, वर्षानुवर्षे पदराआड दडविलेली दुखणी घेऊन. ज्यांनी कधी डोळे तपासून घेतले नव्हते त्यांनी चष्मे मागितले. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. दातांच्या कवळ्यांसाठी रांगा लागल्या. टीकाकारांनी याला फुकटेपणा म्हटले. आमच्या मते ती साठलेली थकबाकी होती. परंतु थकबाकी असली तरी तिला पैसा लागतोच. बेव्हरिज यांनी आरोग्यसेवेचा खर्च वर्षाला १७ कोटी पौंड धरला होता, आणि लोक निरोगी होत गेल्यावर तो वाढणार नाही, अशी त्यांची समजूत होती. ती पहिल्याच वर्षी खोटी ठरली. माणूस बरा होतो, अधिक जगतो, म्हातारा होतो आणि पुन्हा आजारी पडतो. नवे औषध निघाले की काल असाध्य असलेला रोग आज साध्य होतो, आणि आज साध्य झालेल्या रोगाला आज पैसे लागतात.

पहिली चीर

म्हणून सेवेच्या तिसऱ्या वर्षीच पैशाचा प्रश्न मंत्रिमंडळात पेटला. कोरियाचे युद्ध चालू होते. शस्त्रास्त्रांसाठी पैसा हवा होता. १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी चष्मे आणि कवळ्या यांची निम्मी किंमत रोग्याकडून घेण्याचे ठरविले. एकंदर खर्चाच्या मानाने रक्कम किरकोळ होती. परंतु बेव्हन यांस ती तत्त्वाला गेलेली चीर वाटली, आणि २२ एप्रिल रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सन यांनीही त्यांच्यापाठोपाठ पद सोडले. पुढील वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसविला. विल्सन यांच्या सरकारने तो १९६५ साली काढला आणि १९६८ साली पैशाच्या ओढगस्तीमुळे त्याच सरकारने पुन्हा लावला. वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी २००७ ते २०११ या काळात तो पुन्हा रद्द केला. इंग्लंडमध्ये २०२४ साली तो दर औषधामागे ९ पौंड ९० पेन्स झाला. मुले, वृद्ध आणि निर्धन यांना मात्र त्यातून सूट आहे.

याच सुमारास एक समज सर्वत्र रूढ झाला की, ही सेवा म्हणजे तळ नसलेला रांजण आहे, तीत कितीही ओतले तरी वाहून जाते. या समजाची शहानिशा करण्यासाठी सरकारने १९५३ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. उधळपट्टी सिद्ध होईल आणि काटकसरीचा मार्ग मोकळा होईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. १९५६ च्या जानेवारीत अहवाल बाहेर आला तो उलटाच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने सेवेवरील खर्च १९४९-५० साली पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ साली सव्वातीन टक्क्यांवर उतरला होता. वाढल्यासारखे दिसत होते ते महागाईमुळे. उधळपट्टी आढळली नाही. आढळला तो हात आखडता घेण्याचा परिणाम. निम्म्याला थोडी कमी, म्हणजे ४५ टक्के रुग्णालये मुळात १८९१ पूर्वी बांधलेली होती, आणि २१ टक्के तर १८६१ च्याही पूर्वीची. इमारतींवरील खर्च युद्धापूर्वीच्या मानाने फार खाली आला होता.

आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे. दिवाबत्तीचा रोजचा खर्च कसाबसा भागवावयाचा आणि छपराच्या कौलांकडे पुढच्या वर्षी पाहू म्हणावयाचे, ही सवय आमच्या देवस्थानांच्या सभांतूनही अपरिचित नाही. पुढचे वर्ष येत नाही, पावसाळा येतो.

परदेशी हातांचा आधार

गिलबो समितीच्या इशाऱ्यानंतर १९६२ साली आरोग्यमंत्री ईनॉक पॉवेल यांनी रुग्णालयांची दशवार्षिक योजना जाहीर केली. ९० नवी रुग्णालये आणि १३४ जुन्यांची मोठी पुनर्रचना, असा तीत संकल्प होता. संकल्प पुरता तडीस गेला नाही. पैसा अपुरा पडला आणि बांधकामाचे भाव वाढले. परंतु इमारतींहून मोठी उणीव माणसांची होती, आणि ती भरून काढली ती बहुतांशी बाहेरून आलेल्यांनी.

येथे या कथेचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. भारतातील अनेक विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना १९७५ पर्यंत ब्रिटनमध्ये मान्यता होती. त्या आधारावर मुंबईसह देशातील वैद्यकीय विद्यालयांतून बाहेर पडलेले तरुण डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे गेले. भारत आणि पाकिस्तान येथून आलेल्या कनिष्ठ डॉक्टरांचा ओघ नसता तर ही सेवा कोसळली असती, असे लॉर्ड कोहेन यांनी १९६१ साली तेथील वरिष्ठ सभागृहातच बोलून दाखविले. मात्र नामांकित रुग्णालयांतील मानाच्या जागा त्यांच्या वाट्याला सहसा येत नसत. वृद्धांचे विभाग, मनोरुग्णालये, कारखान्यांच्या शहरांतील गरीब वस्त्या, वेल्सच्या खाणीची खोरी, जेथे जाण्यास स्थानिक डॉक्टर नाखूश असत तेथे हे गेले आणि राहिले. ज्या ट्रेडिगारच्या परिसरात या सेवेची कल्पना रुजली त्याच दऱ्याखोऱ्यांत खाणकामगारांची नाडी पुढे भारतीय डॉक्टरांच्या हाती आली. पॉवेल यांनीच १९६८ साली बर्मिंगहॅम येथे परदेशांतून येणाऱ्यांविरुद्ध विखारी भाषण केले, हा या इतिहासातील कडू विरोधाभास आहे. आपल्या घरात माणसे तयार करण्यास जो खर्च झाला होता तो कोणी केला होता, याचा हिशेब मात्र तेथील लोकमतात फारसा मांडला गेला नाही, आणि आपणही तो फारसा मागितला नाही.

श्रद्धेचा धाक

पुढील काळात राज्यकर्त्यांना या श्रद्धेचा अनुभव वेळोवेळी आला. १९८२ साली सरकारच्या एका सल्लागार मंडळाने करांऐवजी खासगी विम्याचा विचार मांडला. तो कागद वृत्तपत्रात फुटला आणि असा गदारोळ उठला की, खासगी उद्योगाच्या कट्टर पुरस्कर्त्या मार्गारेट थॅचर यांनाही ही सेवा आमच्या हाती सुरक्षित आहे, असे पक्षाच्या अधिवेशनात जाहीर करावे लागले. १९८७ च्या डिसेंबरात शस्त्रक्रिया लांबत होत्या, खाटा बंद पडत होत्या. तेव्हा वैद्यकशास्त्राच्या तीन मान्यवर संस्थांच्या अध्यक्षांनी संयुक्त पत्रक काढून पैशाची मागणी केली. थॅचर यांनी फेरविचार आरंभिला. त्यातून १९९० चा कायदा आला आणि सेवेच्या अंतर्गत एक प्रकारचा बाजार निर्माण झाला. परंतु करांतून खर्च आणि रोग्यास विनामूल्य उपचार हे मूळ त्यांनाही हलविता आले नाही. त्यांचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले की, इंग्रजांपाशी धर्मासारखे काही उरले असेल तर ते ही आरोग्यसेवाच.

या वाक्यात थोडा उपहास आहे. तथापि धर्मसंस्थांच्या छायेत वाढलेल्या आम्हांस त्यात एक खरा प्रश्नही दिसतो. श्रद्धा सेवेला मोडण्यापासून वाचविते, हे १९८२ ने दाखविले. ती सेवेला पोसते काय?

पोसू शकते, याचेही उदाहरण आहे. १९९७ साली केवळ ३४ टक्के लोक समाधानी होते आणि ५० टक्के असमाधानी. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००० सालापासून खर्च वाढविण्यास आरंभ केला आणि २००२ च्या अंदाजपत्रकात राष्ट्रीय विम्याचा हप्ता पौंडामागे एका पेनीने वाढविला, आरोग्यसेवेसाठी म्हणून उघडपणे सांगून. कर वाढविणारे सरकार पडते, अशी राजकारणातील समजूत. हे सरकार पुढची निवडणूकही जिंकले. प्रतीक्षेचा काळ घटला, नवी रुग्णालये उभी राहिली, आणि २०१० साली समाधानी लोकांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. तेरा वर्षांत लोक बदलले नव्हते. त्यांना मिळणारी सेवा बदलली होती.

त्यानंतर हात पुन्हा आखडला. स्थापनेपासून या सेवेवरील खर्च महागाई वजा जाता वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढत आला होता. २०१० नंतरच्या दशकात ती वाढ एक-दीड टक्क्यावर आली. अठरा आठवड्यांत उपचार मिळावा हे ठरविलेले उद्दिष्ट २०१६ नंतर एकदाही गाठले गेले नाही. मग महामारी आली. २०२० च्या वसंत ऋतूत दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी टाळ्या वाजवीत होते. त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या, यात संशय नाही. परंतु १९१६ साली स्थापन झालेल्या परिचारिकांच्या संस्थेला २०२२ च्या डिसेंबरात पगारासाठी संप करावा लागला. इंग्लंडमध्ये एवढ्या मोठ्या प्रमाणावर तिने तो प्रथमच केला. आरती जोरात झाली, पण समईत तेल नव्हते. २०२३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील प्रतीक्षायादी सत्याहत्तर लाखांच्या घरात पोचली.

२०२४ च्या सप्टेंबरात लॉर्ड दारझी या शल्यविशारदांनी सरकारसाठी केलेल्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचताना १९५६ चे पान पुन्हा उघडल्यासारखे वाटते. इमारती आणि यंत्रसामग्री यांवर तुलनेच्या देशांच्या मानाने ३,७०० कोटी पौंड कमी खर्च झाले, असे त्यांना आढळले. गावोगावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांपैकी पाचवा हिस्सा १९४८ पूर्वीच्या इमारतींत चालतो. नॉरफोकमधील एका रुग्णालयाच्या छपराला तर खचू नये म्हणून हजारो टेकू द्यावे लागले आहेत.

लोकमताचे दोन चेहरे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. २०२४ च्या पाहणीतील आणखी दोन उत्तरे लक्षात घेण्याजोगी आहेत. सेवा आपल्या हातचा पैसा काटकसरीने वापरते असे मानणारे केवळ १४ टक्के निघाले. पण कर वाढवून सेवेवर अधिक खर्च करावा असे म्हणणारे ४६ टक्के होते, आणि आहे तितकाच कर व तितकाच खर्च राहू द्या म्हणणारे ४१ टक्के. म्हणजे तत्त्व जवळजवळ सर्वांना प्रिय आहे, गाऱ्हाणे बहुतेकांचे आहे, परंतु वर्गणी वाढविण्यास निम्मेच तयार आहेत.

या उत्तरांवरून लोकांस दोष देणे सोपे आहे. आम्ही तो सरसकट देणार नाही. ज्या आजीला शस्त्रक्रियेसाठी वर्ष वाट पाहावी लागली, तिने आधी अधिक द्यावे आणि मग विश्वास ठेवावा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? हिशेब नीट दिसेना, तर वर्गणीदार हात आवरतो, हा कोणत्याही मंडळाचा अनुभव आहे. ट्रेडिगारच्या खाणकामगाराला आपला पेनी कोठे गेला हे दिसत होते. डॉक्टर त्याच्याच गल्लीत राहत होता, मंडळाच्या सभेत तो स्वतः मत देत होता. करांचा प्रचंड ओघ राजधानीच्या खजिन्यात मिसळला की तो संबंध दिसेनासा होतो. बेव्हन यांनी ट्रेडिगारचा विस्तार देशभर केला, त्यात लाभ सर्वांपर्यंत पोचला; देणाऱ्याची आपलेपणाची नजर मात्र तितकी दूर पोचली नाही. २००२ साली कर कशासाठी हे सांगून घेतला तेव्हा लोकांनी तो सोसला, हे यासाठीच ध्यानात ठेवावयाचे.

तथापि राज्यकर्त्यांनी जी चूक वारंवार केली ती याहून मोठी आहे. लोक कुरकुरतात म्हणजे त्यांचा जीव या व्यवस्थेवरून उडाला, असा अर्थ त्यांनी कधी काढला. लोक टाळ्या वाजवितात म्हणजे ते आहे त्यात चालवून घेतील, असा कधी काढला. पाऊणशे वर्षांचा इतिहास या दोन्ही अर्थांच्या विरुद्ध साक्ष देतो. कुरकुर ही शिफारसपत्र हाती घेऊन उभ्या राहणाऱ्या आजोबांची आठवण जपणाऱ्यांची आहे. ते गाऱ्हाणे घालतात, कारण हे दार आपले आहे असे ते अजून मानतात. धोका त्या दिवशी आहे, ज्या दिवशी ऐपतदार लोक मुकाट्याने दुसरे दार धरतील आणि गाऱ्हाणे घालण्यास केवळ निर्धन उरतील; कारण केवळ निर्धनांसाठी उरलेली सेवा पुन्हा धर्मदाय होते.

हा धोका आपल्यास नवा नाही. ज्या काळात बेव्हरिज यांचा अहवाल ब्रिटनमध्ये गाजत होता, त्याच काळात, १९४३ साली, आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक समिती नेमली गेली. भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हेच तत्त्व त्यांच्या १९४६ च्या अहवालाने सांगितले. म्हणजे एका वेळी दोन देशांत एकच बीज पडले. तेथे ते रुजले, आणि आज पाण्यावाचून सुकत असले तरी उभे आहे. आपल्याकडे १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रे निघाली, कित्येक ठिकाणी त्यांनी मोलाचे काम केले. तथापि २०२१-२२ सालीही देशातील एकंदर आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भाग रोग्यांच्या स्वतःच्या खिशातूनच गेला. आपल्यातील ऐपतदारांनी सरकारी दवाखान्याचे दार केव्हाच सोडले, आणि त्याबरोबर त्याविषयी गाऱ्हाणे घालणेही सोडले. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याचे छप्पर गळते की नाही, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

पुढील जत्रेला चौकात गाऱ्हाणे घातले जाईल तेव्हा आपण सारे 'होय महाराजा' म्हणूच. गावातील कोणी औषधावाचून राहू नये, हेही मागणे त्यात असेल. देवापुढे एवढे मागावयाचे, तर उद्या सकाळी त्या दवाखान्याच्या दाराशी जाऊन तेथे काय उणे आहे ते पाहावे, संबंधितांकडे ते पुन्हा पुन्हा सांगावे, आणि त्यासाठी कराच्या रूपाने चार पैसे अधिक द्यावे लागले तर ते हिशेब मागून पण खळखळ न करता द्यावेत, इतके तरी आपल्याकडून घडावे. ब्रिटनच्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून ते केले होते.